ऐकतंय का कुणी?

जून 2021. ऑनलाइन कॉन्फरन्समधलं माझं पहिलंवहिलं प्रेझेंटेशन. दीड महिना खपून केलेल्या चोवीस स्लाइड्स, वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा आणि दारावर 'बेल वाजवू नये'ची चिठ्ठी. सेशन सुरू झालं आणि कोपऱ्यातला आकडा बघितला. पाच! त्यातला एक मी, एक मॉडरेटर, एक टेक सपोर्टवाला. चौथा कुणीतरी दहाव्या मिनिटाला सटकला. पाचवी होती आमची आई. तिला लिंक मीच पाठवली होती.

हॉटेलातल्या कॉन्फरन्समध्ये बरं असतं. लोक चहा-बिस्किटं संपवून भटकत भटकत तुमच्या हॉलमध्ये शिरतात आणि मग उठून जायची त्यांना लाज वाटते. ऑनलाइनमध्ये लाजबिज काही नाही. एका क्लिकवर माणूस गायब. बाजूच्या टॅबमध्ये ऑफिसचे मेल, गॅसवर कुकर. तेव्हा 'येतील आपोआप' हे विसरा. लग्नाला बोलावतो तसं बोलवावं लागतं. नुसत्या पत्रिकेवर कोण येतंय? फोन गेला की येतात!

नाव बदला, नशीब बदलेल

माझं शीर्षक होतं 'ग्राहक-तक्रारींचे स्वयंचलित वर्गीकरण : एक अभ्यास'. वाचूनच जांभई येते ना? पुढच्या वर्षी त्याच कामाला नाव दिलं, 'रोजच्या 300 तक्रारींतली आधी कुठली उचलायची?' ज्याच्या टेबलावर असा ढीग पडलाय, तो येणारच.

घड्याळ सांभाळा

स्लॉट निवडता येत असेल तर श्रोते कुठे बसलेत ते बघा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, लंडनला दुपारचे दोन. पण सिंगापूरला रात्रीचे नऊ! शिवाय अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत भलेभले तासभर चुकतात. म्हणून निमंत्रणात भारतीय वेळेसोबत त्यांचीही वेळ लिहा.

आग्रहाचं निमंत्रण

शंभर जणांना एकच मेल ढकलू नका. वीस माणसं निवडा आणि प्रत्येकाला नावानिशी दोन ओळी लिहा. 'तुम्ही मागे हाच प्रश्न विचारला होता, म्हणून आठवण झाली,' एवढं पुरतं. सोबत कॅलेंडर इन्व्हाइट, आणि सुरू व्हायच्या तासभर आधी पुन्हा लिंक. ऐन वेळी जुना मेल शोधत बसायला कुणाला वेळ आहे? आणखी एक. इतरांच्या सेशन्सना जा, चॅटमध्ये चांगला प्रश्न विचारा. लग्नघरासारखंच आहे हे, आपण गेलो तर ते येतात.

आले, आता टिकवा

'माझा आवाज येतोय का?' ही चाचणी आधीच उरका. पहिल्या दोन मिनिटांत चॅटमध्ये उत्तर देता येईल असा सोपा प्रश्न टाका. एकदा बोट कीबोर्डवर आलं की माणूस सहसा पळत नाही. आणि आटोपतं घ्या. टेडच्या मंचावरसुद्धा वक्त्याला जास्तीत जास्त 18 मिनिटं मिळतात. तुमचा स्लॉट अर्ध्या तासाचा असेल, तर उरलेला वेळ प्रश्नांना द्या.

ज्यांना जमलं नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पाठवा. मात्र 'नवव्या मिनिटापासून बघा' असं सांगून. अख्खं कुणी बघत नाही.

2022 मध्ये हे सगळं केलं. आकडा होता 31. फार नाही, मान्य. पण दुसऱ्याच दिवशी नागपूरहून मेल आला, 'आमच्याकडेही हाच ढीग आहे, बोलूया का?' दीड महिन्याचं काम शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडलं. ते आदल्या वर्षीही तेवढंच चांगलं होतं, फक्त कुणाला कळलं नव्हतं.

आई याही वेळी होती. संपल्यावर तिचा फोन आला, ''आज गर्दी होती हो बरीच! पण ते शेवटचं कोष्टक फार पटकन पुढे नेलंस.''