एसीचा कुबट वास : निदान आणि शोधन

वर्षा ऋतूच्या उत्तरार्धात पिंपरी-चिंचवड परिसरातील चिकित्सालयांतून व औषधी दुकानांतून एक तक्रार वारंवार कानी येते. सकाळी एसी सुरू करताच पहिली काही मिनिटे ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो आणि नंतर तो विरतो. रुग्ण बोलून दाखवीत नाहीत. परंतु तमक श्वासाचा रुग्ण खोकू लागला की विषय गंभीर होतो. अशा वेळी बहुतेक जण गुग्गुळाचा धूप करतात किंवा सुगंधी फवारा मारतात. आम्हांस हा उपाय पटत नाही. धूराचे कण ओल्या भागावर चिकटतात आणि मूळ हेतू तसाच राहतो. निदानपरिवर्जन हेच येथेही सूत्र होय.

यंत्रातील थंड जाळीवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते खालच्या ट्रेमध्ये उतरून नळीवाटे बाहेर जाते. जाळीवर साचलेली धूळ आणि आपल्या दुकानांत उडणारे चूर्णाचे सूक्ष्म कण यांना ही ओल मिळाली की बुरशी व जिवाणू वाढतात. हिवाळ्यात उष्ण हवा देणाऱ्या यंत्रांतही उन्हाळ्या-पावसाळ्यात हेच घडते.

येथे पिंपरीचाच एक दाखला आठवतो. मातीचा गंध देणारे जिओस्मिन हे द्रव्य स्ट्रेप्टोमायसीस वर्गातील जिवाणू निर्माण करतात. या वर्गातील 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना' हे नाव पिंपरीवरूनच पडले. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील संशोधकांनी त्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळविले. सूक्ष्मजीवसृष्टी स्वस्थानी उपकारक, अस्थानी उपद्रवी, असेच म्हणावे लागते.

औषधविक्रेत्यांसाठी प्रश्न केवळ सोयीचा नाही. चूर्ण ओलावले वा जुने झाले हे आपण प्रथम वासावरून ओळखतो. खोलीलाच कुबट वास असेल, तर ही परीक्षा निष्फळ ठरते. भेषजागार जल, उपस्वेद, धूम व धूळ यांपासून मुक्त असावे, असा चरकसंहितेच्या कल्पस्थानातील निर्देश आहे.

शोधनविधी असा करावा. प्रथम मुख्य विद्युतपुरवठा बंद करावा. केवळ रिमोटवर विसंबू नये. पुढील झाकण उघडून फिल्टर काढावेत, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत आणि सावलीत पूर्ण वाळवावेत. जाळीवरील धूळ मऊ ब्रशने पात्यांच्या उभ्या दिशेने हलकेच झाडावी. आडवा ब्रश फिरविल्यास पाती वाकतात. विद्युत भाग प्लास्टिकने झाकून जाळीवर पाण्याचा मंद फवारा द्यावा. नंतर ट्रेमध्ये थोडे पाणी ओतून ते नळीच्या बाहेरील टोकाशी येते का, हे पाहावे. नळीला सतत उतार हवा. तिचे टोक बादलीतील पाण्यात बुडालेले नसावे. ब्लीच वापरू नये, कारण अॅल्युमिनियम झिजते. ब्लीच व आम्ल तर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. हे काम करताना नाकातोंडावर मास्क असावा आणि खोलीतील औषधे झाकलेली असावीत.

पुनरुद्भव टाळण्यासाठी दररोज यंत्र बंद करण्यापूर्वी अर्धा तास ते केवळ पंख्यावर चालवावे, म्हणजे जाळी वाळते. पावसाळ्यात दर पंधरवड्यास फिल्टर धुवावेत. खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहते का, हे आर्द्रतामापकावर पाहणे हितकर.

आतील गोल पंख्यावर काळी बुरशी दिसत असेल, तर मात्र यंत्र उघडणाऱ्या कारागिरासच बोलवावे. गॅससंबंधी कामही त्याचेच. जळका वास येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. तो दोष विजेचा असतो, ओलीचा नव्हे. आणि स्वच्छतेनंतरही कुबटपणा उरला, तर शोध भिंतीत, छतात वा गोण्यांखाली घ्यावा. ओल तेथे असेल, तर कितीही वेळा यंत्र धुतले तरी वास परत येणारच.