प्रत्येक डावाला तोड असते

सकाळी ७

कांद्याचे ट्रॅक्टर विंचूरच्या उपबाजार आवाराकडे निघालेले असतात, तेव्हा मी गेमच्या खोलीचं शटर वर करतो. दोन पीएस-४, दोन स्क्रीन, सहा कंट्रोलर. पहिलं काम पुसण्याचं. कांद्याच्या हंगामात फोलपटांची धूळ गावभर उडते. ती बटणांच्या फटीत बसली की दाबलेलं बटण लवकर उठत नाही. म्हणून ट्रेनिंग मोड लावून प्रत्येक कंट्रोलरचं एकेक बटण तपासतो. फायटिंग गेममध्ये सेकंदाचे ६० तुकडे पडतात, एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये रियू या पात्राचा हलका पंच चौथ्या फ्रेमला लागतो. एवढ्या बारीक हिशोबात अडकलेलं बटण चालत नाही.

सकाळी ८

हा तास माझ्या सरावाचा. समोरचा पुतळा कधी ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा जोरदार वार मारेल, कधी थ्रो करेल, म्हणजे पकडून आपटेल, असं लावून ठेवतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम घेतो. डोळ्यांनी बघून अंगठा हलायला माणसाला साधारण पंधरा फ्रेम लागतात. म्हणजे लक्ष असेल तर तो बघून परतवता येतो. थ्रो मात्र पाच फ्रेमचा. तो दिसेपर्यंत आपण उचलले गेलेलो असतो. त्याचं उत्तर आधीच ठरवावं लागतं: आत्ता हा पकडेल की मारेल?

या खेळाचं सगळं डोकं इथे आहे. काही डाव बघून तोडायचे, काही ओळखून तोडायचे. ओळखायचं तर समोरच्याचा स्वभाव वाचता आला पाहिजे. तो मार खाल्ल्यावर काय करतो? कोपऱ्यात अडकला की उडी मारतो का? पुढे असला की मागे सरतो का? दोन राउंडमध्ये एवढं कळलं तर तिसरा आपला.

सकाळी ११

सकाळचा लिलाव आटोपून, ट्रॅक्टर रिकामे करून पोरं येतात. त्यांची आवड ‘टेकन ७’. बसतात तासभरच, पण शैली लगेच दिसते. एकजण चढाईवाला: राउंड सुरू झाला की अंगावर जायचं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. दुसरा राखणारा: ब्लॉक करत बसायचं आणि समोरचा चुकला की तेवढंच मारायचं. तिसऱ्याने किंग हा पैलवान धरलाय, त्याला फक्त पकडीच्या अंतरात यायचंय. लांबून मारणाऱ्याला ‘स्ट्रीट फायटर’ बरा, कारण तिथे ढालसीम या पात्राचे हात अर्ध्या स्क्रीनपर्यंत पोचतात.

यातली कुठलीच शैली वरचढ नाही. चढाईवाला समोरच्याला विचार करायला वेळ देत नाही, राखणारा त्याला उतावीळ करतो, लांबून मारणारा त्याची वाट अडवतो, पकडणारा ब्लॉकवरचा भरवसाच मोडतो. चौघंही एकच गोष्ट करतात: समोरच्याच्या हातातले पर्याय कमी करतात.

दुपारी १

जेवायला घरी. वाटेत विंचूरकरांच्या भुईकोटाकडे नजर जातेच. सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर होते. सदाशिवरावभाऊंनी गोलाची रचना केली होती आणि तिची भिस्त इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-बंदुकांवर होती. गारदी पुढे, घोडदळ त्यांच्या आधाराला. लढाईच्या बहुतेक वर्णनांत असं येतं, की विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचं घोडदळ शत्रूकडच्या रोहिल्यांवर पुढे धावून गेलं, बंदुकांच्या माऱ्यात सापडून मागे फिरलं आणि गारद्यांची बाजू उघडी पडली.

या सरदारांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. त्यांची हयात मोकळ्या मैदानात झडप घालून निघून जाण्याच्या लढाईत गेली होती आणि त्या दिवशी त्यांना जागा धरून लढायचं होतं. अंगात मुरलेली शैली एक आणि आखलेला डाव दुसरा, असं झालं की शूर माणसाचंही अंतर चुकतं. माझ्याकडच्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो. आपल्याच गावाच्या इतिहासातला धडा त्यांना लगेच कळतो.

दुपारी ३

ही वेळ पालकांची. आज एक आजोबा नातवाची चौकशी करायला आले. “यात पैसे लावतात का रे?” हा त्यांचा पहिला प्रश्न आणि तो रास्त आहे. मी म्हटलं, “नाही बाबा, इथे फक्त तासाचं भाडं.” संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला कायदाही त्यांना समजावला: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’ पदकाचा खेळ होता आणि मयंक प्रजापती व अयान बिस्वास भारताकडून उतरले होते, हेही सांगितलं. आजोबा थोडा वेळ बसून बघत राहिले. नातवाने एक तासच खेळायचं, असं आमचं ठरलं.

संध्याकाळी ५

शाळा सुटलेली. आजची जोडी नववीतल्या दोघांची: एकाचा झँगिफ, दुसऱ्याचा गाईल. झँगिफ हा रशियन पैलवान, हातात सापडलं की आपटतो. गाईल अमेरिकी फौजी, लांबून ‘सॉनिक बूम’ सोडतो. तीन राउंड झँगिफवाला हरला आणि कंट्रोलर मांडीवर टाकून म्हणाला, “दादा, हा नुसता मागं बसून फेकतोय. रडीचा डाव आहे हा.”

मी दोघांना थांबवलं आणि झँगिफवाल्याला फक्त गाईलकडे बघायला लावलं. सॉनिक बूमसाठी आधी मागचं बटण दाबून धरावं लागतं, मग पुढे आणि पंच. बूम सुटला की हातातली बेगमी संपते, पुन्हा धरून ठेवावं लागतं. “तो फेकतो तेव्हा मोकळा कधी असतो?” पोरगा दोन मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, “फेकल्या फेकल्या.”

बरोबर. बूम आला की उडी मारायची नाही, वर गाईलची उलटी लाथ तयार असते. ‘ड्राइव्ह पॅरी’ने तो अंगावर झेलायचा. त्याने आपली ड्राइव्हची पट्टीही भरते. मग दोन पावलं चालायचं. पुन्हा बूम, पुन्हा झेल, पुन्हा दोन पावलं. गाईलच्या पाठीमागची जागा संपत जाते. कोपरा आला की अंगठ्याने पूर्ण गोल फिरवून पंच दाबायचा: स्क्रू पाइलड्रायव्हर. याला ब्लॉक नाही. चौथ्या राउंडला झँगिफने अख्खा स्क्रीन चालत पार केला आणि गाईलला उचललं. आता गाईलवाला कुरकुरला, “हा काय, ब्लॉकच होत नाही!”

दोघांना एकच सांगितलं. खेळाने दिलेल्या कुठल्याही डावाला रडीचा म्हणायचं नाही. म्हटलं की तोड शोधणं तिथेच थांबतं.

रात्री ८

मोठी मुलं आली की आधी एक जुना सामना बघतो. आज २००४ च्या ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतला डाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा. डाइगोच्या केनचा जीव इतकाच उरलाय, की जस्टिनच्या चुन-लीचा ‘सुपर’ हा मोठा हल्ला ब्लॉक केला तरी मरेल. तो एकेक लाथ पॅरी करतो आणि उलटून जिंकतो. जग डाइगोची आठवण काढतं. मी पोरांना जस्टिनकडे बघायला सांगतो. संयमाने राखत त्याने एवढ्या मोठ्या खेळाडूला एका धाग्यावर आणलं होतं. तो दाब नसता तर ती पॅरी जन्मलीच नसती.

मग लाहोरच्या अरसलान अ‍ॅशचं उदाहरण. २०१९ या एकाच वर्षात त्याने ‘टेकन ७’ची इव्हो जपान आणि लास वेगासची इव्हो, दोन्ही जिंकल्या. त्याआधी पाकिस्तानातल्या खेळाडूंकडे जगाचं लक्ष नव्हतं. तो तयार झाला आपल्याच गावातल्या तगड्या पोरांशी खेळून. विंचूरलाही हे जमू शकतं, असं मी मनापासून मानतो. खोली लहान असली तरी चालेल, तिच्यात चारही शैलीचे खेळाडू हवेत आणि कुणाच्या शैलीची टिंगल होता कामा नये.

रात्री १०

शटर अर्धं खाली. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे उद्याचं काम लिहितो. आपला नेहमीचा खेळाडू बाजूला ठेवायचा आणि ज्याचा राग येतो तोच अर्धा तास खेळायचा. झँगिफवाल्याला गाईल, गाईलवाल्याला झँगिफ. बूम सोडणाऱ्याचा हात कधी रिकामा असतो, हे स्वतः सोडून बघितल्याशिवाय पक्कं कळत नाही. दोघं उद्या कुरकुरतील. परवा एकमेकांचे डाव तोडायला लागतील आणि मग त्यांचा खेळ खरा सुरू होईल.