खांबाचा पाय का कुजतो?

लोहगडवाडीसारख्या मावळातील वाड्यांत आजोबा-पणजोबांनी बांधलेली लाकडी सांगाड्याची घरे अजून दिसतात. खांब, तुळया, वासे, वर कौले आणि दगडमातीच्या भिंती. अशा घराचा एखादा खांब खचला, दार अडकू लागले, की ‘लाकूड जुने झाले, पाडून स्लॅब टाका’ असा सल्ला मिळतो. लोहगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. गडाखालचे घर ठेवायचे की पाडायचे, हे मात्र त्या त्या कुटुंबालाच ठरवावे लागते. म्हणून हा सल्ला तपासून पाहू.

लाकूड वयामुळे कुजते का? जवळच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या छतातील लाकडी कमानी सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात! तेव्हा दोष वयाचा नव्हे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला पाणी व हवा दोन्ही लागतात. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर ती वाढत नाही. उलट, पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूडही पुष्कळ टिकते, कारण तेथे हवा पुरत नाही. कार्ल्याच्या कमानी कातळाखाली कोरड्या आहेत. खांबाच्या पायाशी मात्र ओल आणि हवा दोन्ही असतात, आणि लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

शिवाय लाकूड सर्वांत जास्त पाणी शोषते ते कापलेल्या टोकातून. झाडात पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या तेथे उघड्या पडतात. वर्गात करून पाहा. खोक्याच्या हलक्या फळीचे दोन कोरडे तुकडे घ्या. एकाचे टोक आणि दुसऱ्याची बाजू शाईच्या पाण्यात टेकवा. तासाभराने तुकडे चिरून शाई किती आत शिरली ते मोजा.

जुन्या सुतारांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. म्हणून खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करत. नॉर्वेतही जमिनीत रोवलेल्या खांबांची चर्चे कुजून गेली. दगडावर उचललेली, उदाहरणार्थ बाराव्या शतकाच्या अखेरचे बोर्गुंडचे, आजही उभी आहेत. ओंडके रचून बांधलेल्या घरातही आधी कुजतो तो सर्वांत खालचा ओंडका.

मग तळखडा असूनही खांब का कुजतो? बरेचदा मागाहून फरशी घालताना जमीन उंच होते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय सिमेंटमध्ये अडकतो. चुन्यामातीतून वाफ बाहेर पडू शकते, सिमेंटमधून फारच कमी. दुरुस्तीच्या नावाखाली केलेले हे काम आम्हांला वाळवीपेक्षाही घातक वाटते. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारे टेक्टोक्विनोन तरी असते!

दुरुस्ती करताना प्रथम कौले आणि पागोळ्यांचे पाणी पाहावे. वरून गळत असेल तर खालचे काम फुकट. मग अणकुचीदार सळीने खांब टोचत जावे. सळी सहज शिरते तेथवर लाकूड गेले, पुढचे शाबूत. बहुधा तळाचा थोडाच भाग खराब निघतो. तुळईला भक्कम टेकू देऊन तेवढा भाग कापावा आणि सागाच्या गाभ्याचा वाळलेला तुकडा तिरक्या सांध्याने बसवावा. तिरका सांधा लांब असल्याने दोन्ही लाकडे एकमेकांना धरून राहतात. हे काम मात्र जाणत्या सुताराचेच, कारण टेकू सरकला तर छप्पर खाली येईल. शेवटी तळखडा मोकळा करून आजूबाजूची फरशी खांबापासून थोडी दूर ठेवावी.