डाग ओढून काढणारं यंत्र

चंपाषष्ठीला किंवा सोमवती अमावास्येला जेजुरीचा गड उतरून आलेली माणसं भंडाऱ्याने न्हालेली असतात. केसांत, कानांमागे, सदऱ्याच्या घड्यांत सगळीकडे हळद. त्याच अंगाने ती गाडीत बसतात आणि पाठीचा पिवळा ठसा सीटवर उमटतो. घामाने, उसाच्या रसाने किंवा सांडलेल्या पाण्याने तो ओला झाला की झटकून जाण्याची वेळ टळलेली असते. कापडी सीट साफ करणाऱ्या कारागिराचा कस याच डागावर लागतो. शर्ट असता तर परटाकडे टाकला असता, चादर असती तर भिजत घातली असती. सीट पिळता येत नाही आणि दगडावर आपटताही येत नाही. जिथे आहे तिथेच ती धुवायची, तिथेच वाळवायची.

या अडचणीवरचं उत्तर म्हणजे एक्स्ट्रॅक्टर. चाकांवर फिरणारं, एका हाताने ओढता येईल एवढं यंत्र. त्याच्या पोटात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक गढूळ पाण्याची. छोटा पंप स्वच्छ पाणी नळीतून नोझलपर्यंत नेऊन कापडावर फवारतो आणि १,२०० वॅटच्या आसपासची मोटर त्याच नोझलच्या तोंडातून ते पाणी लगेच मागे खेचते. नोझलचं तोंड पारदर्शक असतं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या सीटमधून तपकिरी पाणी वर चढताना दिसतं, तेव्हा समोर उभा असलेला गाडीमालक गप्प होतो. कारागिराला मात्र त्या पारदर्शक तोंडाचा उपयोग वेगळा आहे. पाणी नितळ येऊ लागलं की फवारा थांबवायचा, हे त्याला तिथेच कळतं.

ओढून साफ करण्याच्या या कल्पनेची जन्मकथा योगायोगाने एका सीटवरच घडली. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज अभियंता पूल बांधायचा. व्हिएन्नातल्या प्रसिद्ध अवाढव्य पाळण्यावरही त्याने काम केलं होतं. १९०१ च्या सुमारास लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये त्याने एका अमेरिकी यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र दाबाची हवा मारून धूळ उडवायचं आणि त्यातली बरीचशी धूळ पुन्हा तिथेच बसायची. हवा फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही, असं बूथने विचारलं. ते शक्य नाही, असं उत्तर मिळालं. मग व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहात त्याने मखमली आसनाच्या पाठीला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. धुळीने त्याचा जीव घुसमटला, पण कल्पना खरी ठरली. त्याचं पहिलं यंत्र एवढं मोठं होतं की ते घोडे जुंपलेल्या गाडीवरून रस्त्यावर आणून उभं करत आणि नळ्या खिडकीतून घरात सोडत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. पुढे त्या हवेच्या जोडीला पाणी आलं, यंत्र लहान झालं आणि गाडीच्या दारातून आत शिरलं. बूथने आसनाला तोंड लावून केलेला तो प्रयोग मला या साऱ्या व्यवसायाचा पाया वाटतो.

आपल्याकडे हा व्यवसाय रुजायला वेळ लागला, कारण गरज नव्हती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीत रेक्झिन असायचं. ओलं फडकं फिरवलं की काम झालं. कापडी सीट आली, तीही बहुतेक फिक्या बदामी रंगाची, आणि वरण, चहा, केसांचं तेल यांचा हिशेब त्या कापडावर लिहिला जाऊ लागला.

हे कापड बहुधा पॉलिस्टरचं असतं. पॉलिस्टरला पाण्याची ओढ फारच कमी. हवेतला ओलावा ते स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के शोषतं. सुती धागा ८ टक्क्यांच्या आसपास. शिवाय कारखान्यात पॉलिस्टर रंगवायला साधारण १३० अंश सेल्सिअस तापमान आणि दाब लागतो. म्हणून सरबताचे आणि चहाचे डाग धाग्याच्या आत फारसे शिरत नाहीत, धाग्यांमधल्या फटींत बसून राहतात. ही कारागिराच्या बाजूची गोष्ट. विरुद्ध बाजूची गोष्ट अशी, की पॉलिस्टरला तेल फार प्रिय आहे. मान टेकायच्या जागेवरचा तेलकट काळा पट्टा म्हणूनच चिवट असतो. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा थंडीच्या दिवसांत तो पट्टा कोमट पाण्याशिवाय हलत नाही.

कापडाच्या पाठीला फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि त्याच्या खाली पॉलियुरेथेनची जाड गादी. घरी डाग काढताना फसगत होते ती याच गादीमुळे. माणूस मगभर साबणाचं पाणी ओततो, घासतो, वरचं पुसून घेतो. डाग गेला म्हणून खूश होतो. दोन दिवसांनी तोच डाग, काळसर कडेसह आणि पहिल्यापेक्षा मोठा होऊन हजर. खाली मुरलेलं पाणी वाळताना वर येतं आणि समईच्या वातीतून तेल चढावं तसा विरघळलेला मळ त्याच्याबरोबर कापडाच्या टोकाला येऊन थांबतो. पाणी उडून जातं, मळ राहतो. राहिलेला साबण चिकट असतो, तो नवी धूळ धरून ठेवतो. म्हणून या कामात पाणी किती घातलं याला महत्त्व कमी आणि किती परत काढलं याला जास्त.

चांगला कारागीर यंत्राला हात लावायच्या आधी बराच वेळ कोरडं काम करतो. शिवणींतली रेती, बिस्किटांचा चुरा, वाळलेला चिखल आधी कोरड्या व्हॅक्यूमने काढून घेतो. ते राहिलं तर पाणी पडताच त्याचाच चिखल होतो. मग शॅम्पूचा हलका फवारा, पाच-दहा मिनिटांची वाट, मऊ ब्रश. ब्रश डागाच्या कडेकडून मध्याकडे चालतो, उलटा चालला तर डाग पसरतो. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टर. एकदा पाणी सोडत नोझल ओढायचं आणि त्याच पट्ट्यावरून दोन-तीनदा पाणी न सोडता नुसतं खेचायचं. हे कोरडे फेरे कंटाळवाणे असतात आणि घाईचा माणूस तेच गाळतो. माझ्या मते कामाची प्रत तिथेच ठरते.

आता पुन्हा हळदीकडे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. पॉलिस्टर रंगवण्यासाठी वापरतात त्या रंगांच्या जवळचाच त्याचा स्वभाव, त्यामुळे जिथे चहा फटीत थांबतो तिथे हळद धाग्यात शिरायला बघते. घरचा पहिला उपाय म्हणजे साबण किंवा धुण्याचा सोडा, आणि तो लावताक्षणी पिवळा डाग तांबडा होतो. माणूस घाबरतो. आपल्या देवघरातलं पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं, हळदीला खार लावला की ती लाल होते. लिंबाचं किंवा व्हिनेगरचं पाणी टिपलं की तांबडा रंग परत पिवळ्यावर येतो. पुढचं काम उजेडाचं. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही, म्हणून मळ ओढून झाल्यावर गाडी दारं उघडी ठेवून उन्हात उभी करायची. काचेतून उजेड येतो, पण उघड्या दारातलं ऊन जास्त लवकर काम करतं. उरलेल्या छटेला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, मात्र आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून कापडाचा मूळ रंग टिकतो का ते बघूनच.

बाकीच्या डागांचं शहाणपण थोडक्यात सांगता येतं. रक्ताला नेहमी थंड पाणी, गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठून धाग्याला धरतात. दूध आणि घाटातली उलटी यांना एन्झाइमचं द्रावण लागतं, नुसत्या सुगंधी फवाऱ्याने वास चार दिवस दबतो आणि परततो. बॉलपेनच्या शाईवर अल्कोहोल, कापसाने टिपून. पानाच्या पिंकेचं मात्र खरं सांगायला हवं. काथ आणि चुन्याचा जुना डाग फिक्या सीटवर बऱ्याचदा छटा ठेवून जातो, आणि जो कारागीर हे काम हाती घेण्याआधी सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

पुराचं पाणी शिरलेल्या गाडीपुढे यंत्रही हात टेकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी सीट बोल्ट काढून बाहेर घ्यावी लागते, कव्हर उतरवावं लागतं, गादी वेगळी वाळवावी किंवा बदलावी लागते. एरवीच्या कामातही सीटखाली बघून घ्यावं. तिथे दिसणारे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगशी संबंधित असतात. तिथे पाणी जाऊ द्यायचं नाही आणि ते ओढायचेही नाहीत.

शेवटचा टप्पा वाळवणीचा, आणि कोकणात व मुंबईत तोच सगळ्यात अवघड. जुलैमध्ये काचा उघडून ठेवल्या तर बाहेरची दमट हवा आत येते आणि ओली सीट ओलीच राहते. त्या दिवसांत काचा बंद करून एसी चालवणं बरं, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. सोबत सीटवर पंख्याचा झोत. गादीत ओल राहिली तर कुबट वास येतो आणि मग बुरशी. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तसंच ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: ते ओल आत कोंडतं, आजच काढा.

आणि गाडी साफ करायला द्याल तेव्हा कारागिराला तीन गोष्टी आपणहून सांगा: काय सांडलं, कधी सांडलं आणि तुम्ही घरी त्यावर काय लावलं. संध्याकाळीच गाडी परत हवी म्हणून त्याला घाई करू नका. सीट वाळायला एक दिवस द्या.