पूल बंद होतो तेव्हा तारांचे काय होते?

आषाढी वारीत हडपसरच्या गाडीतळावर दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाकडे, सासवडच्या दिशेने वळते. तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. त्या दिवशी इतर वाहतूक वळवावी लागते आणि हडपसर भौगोलिकदृष्ट्या किती अडचणीत वसले आहे, याचा प्रत्यय येतो. उत्तरेस पुणे-दौंड लोहमार्ग व त्यापलीकडे मुळा-मुठा, दक्षिणेस खडकवासल्याचा कालवा, आणि मधून सोलापूर रस्ता. हे अडथळे ओलांडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. साहजिकच येथील एखादा मोठा पूल बंद करणे म्हणजे शहराच्या पूर्वेकडील दारास कडी घालण्यासारखेच आहे.

हा प्रश्न केवळ काल्पनिक राहिलेला नाही. खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी या मेट्रोमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. एवढ्या मोठ्या बांधकामात जुने पूल व रस्ते जसेच्या तसे राहतील, असे मानण्यास पुण्याचा अनुभव अनुकूल नाही. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात पाडण्यात आला. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी उडविण्यात आला आणि ते दृश्य पाहण्यास अर्धे शहर जागे राहिले. अशा वेळी पर्यायी मार्गांचे नकाशे प्रसिद्ध होतात, कोणती बस कोठून वळणार याची चर्चा होते. पुलाच्या अंगाखांद्यावरून पलीकडे जाणाऱ्या दूरसंचाराच्या तारांचे वेळापत्रक मात्र नागरिकांच्या हाती कधीच पडत नाही.

नदी, लोहमार्ग किंवा कालवा ओलांडावयाचा तर तार टाकणाऱ्यास सर्वांत स्वस्त वाट म्हणजे तयार पूल. पदपथाखालच्या नळ्यांतून किंवा कठड्याला बांधलेल्या पाइपातून केबल निघून जाते. वाहनांना पूल बंद झाला म्हणून या केबलचे काहीच बिघडत नाही. उलट तिला थोडी विश्रांतीच मिळते. संकट येते ते पुढे, दोन टप्प्यांनी. पुलावर घण पडू लागतो तेव्हा केबल अगोदर हलविलेली नसेल तर ती तुटते, हे कोणासही कळते. दुसरा धोका सहसा लक्षात येत नाही. वाहतूक ज्या पर्यायी रस्त्याने वळवायची, तो घाईघाईने रुंद केला जातो. पदपथ कापले जातात, गटारांची झाकणे उचलली जातात, खांब सरकविले जातात. जेसीबीचा दात पडतो तो येथे. पुलावरून काढलेली केबलही त्याच रस्त्याच्या कडेने नेलेली असली, तर एका फटक्यात जुनी व नवी दोन्ही सोय संपते.

तांब्याच्या तारांच्या काळात तुटलेल्या केबलमधील शेकडो जोड्या एकेक करून जुळवाव्या लागत आणि त्यात दिवस जात. ऑप्टिकल फायबरचा एक तंतू यंत्राखाली वितळवून जोडण्यास काही मिनिटे पुरतात. परंतु जोडणाऱ्याची गाडी त्या जागी पोहोचावयास हवी, आणि तिलाही त्याच कोंडीतून यावे लागते. एक मार्ग तुटला तरी दुसरा असतो, असे कंपन्या सांगतात. हे तत्त्व योग्यच आहे. पण ओलांडण्याच्या जागाच मोजक्या असल्या की दोन स्वतंत्र म्हणविणारे मार्ग एकाच चरात येऊन बसण्याचा धोका असतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जुलै २००१ मध्ये रेल्वेच्या एका बोगद्यात मालगाडीस आग लागली. त्या बोगद्यातून अनेक कंपन्यांच्या केबली गेल्या होत्या. दूरदूरच्या प्रदेशांतील इंटरनेट त्यामुळे मंदावले.

अर्थात, पुलाचे मालक तारांकडे संशयाने पाहतात यातही तथ्य आहे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ रोजी लोहमार्गावर कोसळला आणि दोघांचे प्राण गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत गंजलेल्या आधारांबरोबरच पदपथावर साठलेल्या केबली, वाळू व पेव्हर ब्लॉक यांच्या भाराकडे बोट दाखविण्यात आले. तारांचे ओझे कोणी मोजलेच नाही, तर पुलाचाच जीव धोक्यात येतो. तो पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि दुसरी मे २०२५ मध्ये खुली झाली. पूल बंद होणे म्हणजे चार दिवसांची गैरसोय नव्हे, हे हडपसरकरांनीही ध्यानात घ्यावयास हवे.

एवढ्या प्रदीर्घ काळात प्रवासाला पर्याय म्हणून लोक कशावर विसंबतील? दूरध्वनीवर व इंटरनेटवरच. फुरसुंगीहून शहरात येणारा कारकून आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मागेल. मांजरीचा विद्यार्थी प्रवेशाचा अर्ज भरावयास कार्यालयात न जाता मोबाइल उघडेल. भाजीवाल्याचे पैसे तर आताच फोनवरून येतात. रस्ता आणि तार एकाच आठवड्यात तुटली, तर या माणसांना ना जाता येते ना कळविता येते. आणि अर्जाची शेवटची तारीख हडपसरची कोंडी पाहून पुढे सरकत नसते. रुग्णवाहिका बोलावणाऱ्याची अवस्था निराळी सांगावयास नको.

खोदण्यापूर्वी तारांच्या मालकास कळविता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. बेशिस्त खोदाईने देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. ॲप चांगले आहे. परंतु रात्री दोन वाजता यंत्र चालविणारा हा ठेकेदाराच्या उपठेकेदाराचा रोजंदार असतो. त्याच्या हाती ना ॲप असते ना नकाशा. ती जबाबदारी काम सोपविणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीशीच जोडली पाहिजे. तारा हलविल्याचा दाखला मिळाल्यावाचून पूल पाडण्याचा आदेश निघू नये, आणि वाहतुकीच्या नकाशाबरोबरच कोणत्या भागातील सेवा कोणत्या रात्री बंद राहील हेही जाहीर व्हावे. नव्या पुलांत तारांसाठी स्वतंत्र, मोजलेल्या भाराची व तपासणीस सोपी अशी जागा आराखड्यातच ठेवता येते. कालव्याखालून यंत्राने आडवे छिद्र पाडून केबल नेणे खर्चिक असले तरी अशक्य नाही.

प्रश्न वेळेचाही आहे. पावसाळ्यात महापालिका रस्तेखोदाई थांबविते. म्हणजे पूल जूनमध्ये पाडावयाचा असेल, तर त्याच्या तारा मे संपण्यापूर्वीच दुसरीकडे गेलेल्या असल्या पाहिजेत, आणि त्यासाठीचे पत्र दूरसंचार कंपन्यांच्या हाती आदल्या दिवाळीतच पडावयास हवे.