आवळा, बर्फ आणि साखरेचा पाक

हिवाळा आला की नागपूरच्या बाजारात आवळ्याचे ढीग लागतात आणि घरोघरी, बचत गटांतून आवळाकँडीची तयारी सुरू होते. कोणी आवळा काट्याने टोचून घेते, कोणी वाफवते. आणि पुष्कळ जणी तो रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग साखरेत घालतात. या गोठवण्याने काय साधते आणि काय हातचे जाते, हे समजून घेण्यासारखे आहे.

ताज्या फळाची प्रत्येक पेशी म्हणजे रसाने भरलेली सूक्ष्म पिशवी. तिचे पातळ पटल पाण्याला वाट देते, साखरेला सहसा देत नाही. म्हणून फळ दाट पाकात टाकले की आतले पाणी पाकाकडे ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. फळ आटते, पण हळूहळू. आणि साखर आत बेताचीच शिरते.

आता तोच आवळा गोठवा. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. घरच्या फ्रीजमध्ये गोठण्याची क्रिया सावकाश होते, त्यामुळे बर्फाचे खडे मोठे बनतात आणि पेशींची पटले फाटतात. बर्फ वितळल्यावर आवळा मऊ पडतो. बोटाने दाबताच फोडी सुट्या होतात. अशा फोडींतून पाणी लवकर सुटते, पण फाटलेल्या पटलांतून साखरही भराभर आत जाते.

कँडी लवकर होते, वजनातही भरते. परंतु त्या वजनात साखरेचा वाटा अधिक असतो. शिवाय ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने गळलेल्या रसाबरोबर निघून जाते. तो रस फेकू नये. पाकात मिसळावा आणि उरलेल्या पाकाचे सरबत करावे. आपल्या संत्र्याला मात्र हा उपाय मानवत नाही. त्याच्या रसाच्या नाजूक पिशव्या फुटून फोड लिबलिबीत होते. आवळ्याचा गर टणक, म्हणून तो तग धरतो.

कामगारांत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला येथे आणखी एक गोष्ट दिसते. दिवसभर आवळे टोचणाऱ्या बायांचे श्रम बर्फ वाचवतो, हे चांगलेच. पण जिथे टोचण्याची मजुरी किलोवर मिळते, तिथे वाचलेले श्रम म्हणजे बुडालेली मजुरी ठरू शकते. तेव्हा वाचलेल्या वेळेचा हिशेब बायांच्या मजुरीत दिसला पाहिजे, आणि वाढलेल्या साखरेचा हिशेब कँडीच्या वेष्टनावर.