वैधव्यानंतरची पानं

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून एका मुलीची कहाणी क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःच सगळं सांगते: माहेर, मैत्रीण दुर्गी, लग्न, सासर, लिहायला-वाचायला शिकवणारा नवरा, वाट्याला आलेले थोडे सुखाचे दिवस. मग नवरा जातो. तिचं बळजबरीने केशवपन होतं आणि त्या धक्क्यातून ती काही उठत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही ती कादंबरी १८९३ साली पुस्तकरूपाने आली. लेखणी तेव्हा ऐन विशी-तिशीतल्या एका पुरुषाच्या हातात होती, तरी यमूचा आवाज आजही खोटा वाटत नाही.

त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. आजवर माजघरात दबलेलं दुःख चव्हाट्यावर आलं होतं, आणि आपट्यांनी त्याला नाव-गाव असलेलं माणूस दिलं. यमू मेल्याशिवाय वाचक हलला नसता, हे त्यांनी ओळखलं असावं. पण त्यामुळे एक समजूतही घट्ट झाली: नवरा गेला की बाईची गोष्ट संपली.

ही समजूत खऱ्या आयुष्याच्या पुस्तकातही उतरलेली दिसते. १९१० साली रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ प्रसिद्ध झालं. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आल्या. न्यायमूर्ती विधुर होते, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, आणि वडिलांच्या हट्टापुढे नमून त्यांनी या लहान मुलीशी लग्न केलं होतं. लग्न झाल्या झाल्याच त्यांनी तिला शिकवायला घेतलं. दिवसभर घरातल्या बायकांची बोलणी आणि रात्री धडे, असं ते आयुष्य. सभेत इंग्रजी वाचून दाखवल्याबद्दल घरी काय ऐकावं लागलं, हे त्या इतक्या शांतपणे लिहितात की चीड आपल्यालाच येते. एवढी बारीक नजर असलेली ही बाई १९०१ साली, न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी, लेखणी खाली ठेवते.

आणि त्यानंतर रमाबाई आणखी तेवीस वर्षं जगल्या. सेवासदन उभं केलं, पुण्यात मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून रस्त्यावर उतरल्या, बायकांच्या मताधिकारासाठी झटल्या. निर्णय त्यांचे, वाद त्यांचे, यशही त्यांचंच. त्यातलं अक्षरही आठवणींत नाही. मराठीतल्या न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांपैकी मला सर्वांत जास्त हुरहुर लावतं ते हे.

हा कोरा भाग भरून काढला तो कोकणातल्या देवरुखच्या दोन बहिणींनी. थोरली गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली आणि १८९३ साली, म्हणजे यमूची कहाणी पुस्तकरूपाने आली त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई झाली. कर्व्यांच्या मुरूड गावाने या लग्नापायी बहिष्कार घातला. धाकटी पार्वतीबाई आठवले विशीच्या आसपास विधवा झाली, पदरी एक मुलगा. तिने पुन्हा लग्न केलं नाही. कर्व्यांच्या आश्रमात शिकली, राबली, गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. वपन केलेलं डोकं आणि अलवण घेऊन सभांतून बोलणारी ही बाई पुढे स्वतःच्या विचाराने केस राखते. १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला जाते आणि पोटासाठी तिथल्या घरांतून कामं करते. तिची ‘माझी कहाणी’ १९२८ची, आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ १९४४चं.

यमूला मारणारा वस्तरा पार्वतीबाईंच्याही डोक्यावरून फिरला होता. पण त्यांच्या पुस्तकाचा खरा जीव त्यापुढेच आहे: पैसे कुठून आणायचे, मुलाचं काय करायचं, परक्या मुलखात भाषा येत नसताना काम कसं मागायचं. विधवेचं दुःख मोठं होतंच; ते पोटात ठेवून जगलेल्या वर्षांची हकिगत कादंबरीकाराच्या आवाक्यात तेव्हा आलेली नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांनाही नवऱ्याच्या मागे, १९१९ नंतर, सांगण्यासारखं पुष्कळ उरलं होतं आणि ‘स्मृतिचित्रे’त त्या ते सांगत राहतात.

इथवरची सगळी घरं ब्राह्मणी वळणाची आहेत, हे विसरून चालणार नाही. वपनाची सक्ती मुख्यतः तिथली. अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची चाल होती. म्हणून त्या घरांतल्या बायका सुखात होत्या असं मुळीच नाही. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली आलं आणि महारवाड्यातली भूक, बाळंतपणं, सासुरवास यांचं कुणीही न सांगितलेलं चित्र समोर ठेवलं. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून त्यांनी ते लिहिलं होतं. स्वतःच्या संसारातली मारहाण मात्र त्यांनी पुस्तकात आणली नाही. तिच्याबद्दल त्या पुढे मुलाखतीत विचारल्यावर बोलल्या.

म्हणून मला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं १९८९चं ‘आम्हीही इतिहास घडवला’ फार मोलाचं वाटतं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांना बोलतं करून हे पुस्तक उभं राहिलं. त्यांतल्या कितीतरी जणींच्या हाती कधी लेखणी आली नव्हती. सत्याग्रहाला गेलेल्या, सभांना पायी चाललेल्या, मागे पोरं शेजारणीवर सोडून आलेल्या या बायका तोवर कुणाच्या इतिहासात नव्हत्या. दोघींनी त्यांना समोर बसून प्रश्न विचारले आणि त्या बोलल्या. रमाबाई रानड्यांच्या शेवटच्या तेवीस वर्षांबद्दल त्यांना असं समोर बसून विचारायला कुणी गेलं असतं, तर ते दुसरं पुस्तक आज आपल्या हाती असतं.